दर बारा मिनिटांनी चार घोट

“पी,” मी म्हणालो.

“आत्ताच तर प्यायले.”

“त्याला बारा मिनिटं झाली. घड्याळ वाजलं की नाही? पी.”

शुभदानं एक हात हँडलवरून काढला, खाली अडकवलेली बाटली ओढली आणि चार घोट घेतले. मी मोजले. चढावर, दगडांतून, एका हातानं सायकल सावरत पाणी पिणं सोपं नसतं. बाटली परत अडकवताना तिचा नेम दोनदा चुकला. “रस्त्याकडं लक्ष,” मी मागून म्हणालो. शर्यतीत आमच्यात बोलण्याचं काम मी एकटाच करत असे.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली. भुदरगडच्या पश्चिमेला डांबरी रस्ता संपतो आणि जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, लागतात. तिथल्या पायवाटांवरून आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून एकशे वीस किलोमीटरची डोंगरी सायकलची शर्यत होती. पहाटे साडेपाचला सुटायचं, संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचायचं. आम्ही नवरा-बायको मिश्र जोडीच्या गटात उतरलो होतो. जोडीचा नियम असा, की दोघांनी प्रत्येक चेकपोस्टवर एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर दोघंही बाद. म्हणजे जो हळू त्याच्या वेगानं शर्यत होते, आणि जो स्वतःला शहाणा समजतो तो दुसऱ्याला हाकत राहतो. आमच्या जोडीतला शहाणा मी होतो.

पहिल्या तीन जोड्यांना पुढच्या सीझनच्या सात दिवसांच्या मोठ्या शर्यतीत थेट प्रवेश होता. त्या सात दिवसांसाठी मी तीन वर्षं झुरत होतो. आम्ही हौशी माणसं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला, शुभदा पोस्टात काउंटरवर. पहाटे चारला उठून जोतिबाचा डोंगर चढायचा आणि नऊला कामावर हजर व्हायचं, असं आमचं चाललेलं. सायकलचं वेड माझं. पण चढाला ती माझ्यापेक्षा सरस होती, कारण शाळकरी वयात ती भावाच्या जड सायकलवरून रोज सात किलोमीटर हायस्कूलला जायची. हे मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो. जणू तिला ती सायकल मीच आणून दिली होती.

आदल्या वर्षी याच शर्यतीत आम्ही सहा मिनिटांनी वेळेबाहेर गेलो. शुभदा उन्हात पाणी प्यायचं विसरली, पायांत गोळे आले, अर्धा तास झाडाखाली पडून राहिली. ते मी मनाला लावून घेतलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर ताकाचं वेळापत्रकच केलं. दर बारा मिनिटांनी माझं घड्याळ वाजणार आणि तिनं चार मोठे घोट घ्यायचे. प्रत्येक चेकपोस्टवर वरून अर्धा लिटर. मिठाची पावडर घातली की तिला मळमळायचं, म्हणून नुसतंच पाणी. मी तो कागद छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या हँडलवर चिकटवला होता. फौंड्रीत माझ्या अशा कागदांना कामगार काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी मात्र ऊन नव्हतंच. सकाळपासून ढग होते आणि कोकणातून गार वारा वर येत होता. पण कागदावर ढगांचा रकाना नव्हता.

बाहत्तराव्या किलोमीटरवर आम्ही दुसरे होतो. पहिली जोडी गाठणं शक्य नव्हतं. तिसरी आमच्यामागं वीस मिनिटं, आणि चौथी, जिच्यापासून खरा धोका, ती पन्नास मिनिटं मागं. हे आकडे मला दुसऱ्या चेकपोस्टवर मिळाले होते आणि तेव्हापासून मी ते तोंडातल्या सुपारीसारखे चघळत होतो.

पुढं एक ओढा लागला. पाणी घोट्याएवढंच, पण गुळगुळीत दगड, म्हणून उतरून सायकली उचलून न्याव्या लागल्या. मी पलीकडं जाऊन वळून पाहिलं तर शुभदा अजून अलीकडंच करवंदीच्या जाळीशी उभी होती. माझ्याकडं पाठ. बाटली उलटी धरलेली.

“काय करतीयस?”

ती दचकली. “काही नाही. मानेवर घेतलं जरा.”

मान कोरडी होती. मातीत मात्र चांगला ओला डाग पडला होता. मी परत अलीकडं आलो. भांडलो नाही. मी भांडत नाही, मी समजावतो, आणि ते भांडणापेक्षा वाईट असतं हे मला फार उशिरा कळलं.

“हे बघ,” मी म्हणालो, “तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. गेल्या वर्षी काय झालं?”

“मला नको वाटायलंय हो. पोटात डचमळतंय.”

“रिकाम्या पोटानं डचमळतं. घे, माझी घे. आणि या वेळी आठ घोट, सांडलेलं भरून काढायला.”

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग बाटली घेतली आणि आठ घोट प्यायली. शेवटच्या घोटाला तिचे डोळे मिटले होते.

अठ्ठ्याहत्तराव्या किलोमीटरला तिनं सायकल थांबवली आणि हात पुढं केला. “हातमोजा निघेना. काढा जरा.”

मी ओढला. मोजा बोटांना चिकटून बसला होता. निघाला तेव्हा बोटं फुगलेली दिसली, अंगठी मांसात रुतलेली.

“हँडल घट्ट धरतीस म्हणून,” मी म्हणालो. “सैल धर.”

“डोकं पण दुखायलंय.”

“पाणी कमी पडतंय तुला.”

खरं सांगतो, माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. माणूस वाईट असतो म्हणून चुकतो असं नाही. कधी कधी तो शर्यतीत दुसरा असतो म्हणून चुकतो. मी तिला पुन्हा पाजलं. शंभर मीटर पुढं जाऊन तिनं सायकलवरूनच बाजूला वाकून उलटी केली. नुसतं पाणी. स्वच्छ, जसं आत गेलं तसं बाहेर आलं. मी म्हणालो, “आता मोकळं वाटेल बघ,” आणि गेलेलं पाणी भरून काढायला बाटली पुढं केली.

त्यानंतरचा उतार तिनं फार वाईट घेतला. एरवी उताराला तिचा हात इतका हलका की मला मागं राहावं लागे. त्या दिवशी ती ब्रेक दाबून, सरळ रस्त्यावरही डावीकडं ओढली जात होती. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा उठलीच नाही, रस्त्यातच मांडी घालून बसली. मी खाली वाकलो.

“लागलं का?”

ती माझ्याकडं बघत होती, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी मागं लागलेली. मग अगदी काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, “पिनकोड घातला नाही तुम्ही.”

“काय?”

“पिनकोड. तो घातल्याशिवाय पार्सल घेता येत नाही. मागं कोण आहे? पुढं या.”

मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर हलकेच थापट्या दिल्या. ती जराशी भानावर आली. “कुठं आहोत?” विचारलं. मी सांगितलं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा विचारलं, “कुठं आहोत?”

तिसरा चेकपोस्ट चौऱ्याऐंशीव्या किलोमीटरला होता, म्हणजे अजून दोन किलोमीटर. मी दोन्ही सायकली एका हातानं ढकलत, दुसऱ्या हातानं तिला धरत निघालो. आणि मला आजही ज्याची लाज वाटते ते हे, की त्या दोन किलोमीटरमध्ये मी हिशोब करत होतो. चौथी जोडी पन्नास मिनिटं मागं. यात वीस गेली तरी तीस उरतात. पंचवीस मिनिटं झोपवलं, पोटभर पाणी दिलं, तर तिसरा नंबर राहतो.

चेकपोस्ट एका दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. संस्थेचे सचिव अण्णाप्पा गुरव, पन्नाशीचा रुंद हाडाचा माणूस, टेबल टाकून आमच्या कार्डांवर शिक्के मारायला बसले होते. आम्हाला पाहून ते उठून पुढं आले.

“काय झालं ओ बाईंस्नी?”

“पाणी कमी पडलंय. झोपवायला जागा आहे का?”

“हितं टाका की बाकड्यावर. आन् पाणी हे काय, घागर भरलीया. पर असलं ढगाळलंय, आज कसं काय पाणी कमी पडंल?”

मी शुभदाला बाकड्यावर बसवलं. अण्णाप्पांनी तांब्या भरून आणला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि न सांगता तोंडाला लावला. न सांगता. मला तेव्हा बरंच वाटलं.

मग माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. किती पाणी कमी पडलंय हे कळल्याशिवाय किती द्यायचं ते कसं ठरवणार? पहाटे लॉजवर मी आमची दोघांची वजनं करून वहीत लिहिली होती, ती वही खिशात होती. शेडच्या कोपऱ्यात पशुखाद्याची पोती रचलेली आणि शेजारी पोती तोलायचा मोठा काटा होता.

“हा काटा चालतो का?”

“न चालायला काय झालं? रोज पेंड तोलतोय की त्येच्यावर.”

तांब्या बाजूला ठेवून, बूट काढून आम्ही तिला काट्यावर उभं केलं. अण्णाप्पांनी पाठीमागून धरल्यासारखे हात ठेवले, पण लावले नाहीत. आकडा थरथरला आणि थांबला. छप्पन्न किलो सहाशे.

वहीत लिहिलं होतं, चोपन्न किलो शंभर.

“काटा बिघडलाय तुमचा,” मी म्हणालो.

“अजाबात न्हाई.”

फौंड्रीत आम्हाला शिकवलेलं असतं. माप जुळलं नाही की आधी मोजायचं साधन तपासायचं, मग माल, आणि दोन्ही बरोबर निघाले की तपासणारा माणूस. मी सील न फोडलेलं पन्नास किलोचं पोतं काट्यावर ओढलं. पन्नास किलो दोनशे ग्रॅम, बारदानासकट. मग मी स्वतः चढलो. पहाटे एकाहत्तर तीनशे होतो, आता एकोणसत्तर नऊशे. माझं वजन घटलं होतं, तसंच व्हायला पाहिजे होतं. आठ तास सायकल चालवलेल्या बाईचं अडीच किलोनं वाढलं होतं.

काटा बरोबर होता. मी त्याच्यावरून उतरलो तेव्हा शुभदा बाकड्यावर पुन्हा तांब्या तोंडाला लावून बसली होती.

“अण्णा, तिच्या हातातला तांब्या घ्या,” मी म्हणालो.

“आं?”

“घ्या तो तांब्या.”

मोबाइलला रेंज नव्हती, पण संस्थेत फोन होता. शर्यतीच्या डॉक्टर अत्तार मॅडम शेवटच्या ठिकाणी अँब्युलन्सपाशी होत्या. त्यांचा नंबर कार्डावर मागं छापलेला. दुसऱ्यांदा फिरवल्यावर लागला. मी नाव सांगितलं आणि मग सगळं भराभरा, वजनासकट.

पलीकडून प्रश्न आले. “किती पाणी प्यायल्यात?”

मी मनात बेरीज केली. “नऊ लिटर. जास्तच.”

“मिठाचं काही?”

“नाही.”

“लघवीला गेल्या?”

“सकाळपासून नाही बहुतेक.”

“बोलणं कसं आहे?”

“मला ओळखते. पण मधेच पोस्टातलं काहीतरी बोलते.”

आणि मॅडम पुढं काही म्हणायच्या आत मी विचारलं. माझ्याच तोंडानं. “मॅडम, अर्धा तास झोपवलं तर पुढं जाता येईल का?”

“इंगवले,” त्या म्हणाल्या, अगदी हळू, “रक्तातलं मीठ पातळ झालंय त्यांच्या. मेंदूला सूज यायला लागलीय. कुठं जायचंय तुम्हाला पुढं?”

मी वही मिटून खिशात घातली.

“ऐका. तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, सरबत नाही, चहा नाही. एक थेंब नाही. मिळेल त्या गाडीत घाला आणि खाली उतरा. मी अँब्युलन्स घेऊन निघाले, घाटाच्या पायथ्याला तिठ्यावर भेटू. कुशीवर झोपवून आणा. आणि झटके आले तर घाबरू नका, दाबून धरू नका, डोकं आपटणार नाही एवढं बघा.”

अण्णाप्पा शेजारीच उभे राहून ऐकत होते. मी फोन ठेवायच्या आत ते म्हणाले, “दुधाचा टेम्पो हाय. कॅन उतरवतो आन् काढतो. तुम्ही बाईंस्नी उचला.”

शुभदाला उचलताना ती म्हणाली, “पाणी द्या.”

सकाळपासून पहिल्यांदा तिनं स्वतःहून पाणी मागितलं होतं. मी म्हणालो, “नाही.” ती माझ्याकडं इतक्या आश्चर्यानं बघत राहिली की मला तिची नजर चुकवावी लागली.

टेम्पोच्या मागं पोती अंथरून तिला कुशीवर निजवलं आणि डोकं मांडीवर घेतलं. अण्णाप्पा गाडी चालवत होते, कॅबिनची मागची खिडकी उघडी टाकून. रस्ता कसला, नुसते खड्डे. ते हळू चालवत होते तेव्हा मला वाटायचं लवकर चालवावं, आणि वेग वाढला की तिचं डोकं उडायचं.

“बोलत ऱ्हावा तिच्यासंगं,” ते ओरडून म्हणाले.

काय बोलणार? वर्षानुवर्षं मी तिच्याशी गिअर बदल, मान वर कर, पाणी पी, एवढंच बोलत आलो होतो. मी तिच्याशी मुलीबद्दल बोलायला लागलो, की ऋतुजा आजीकडं असेल, दुपारचं जेवून झोपली असेल. शुभदाचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

“अहो,” ती म्हणाली.

“हं.”

“किती झाले?”

“किलोमीटर? चौऱ्याऐंशी.”

“मग अजून छत्तीस,” ती म्हणाली, आणि तिचं अंग ताठ झालं.

तिचे डोळे वर गेले, दात आवळले गेले, हात कोपरात वळले आणि सगळं शरीर पोत्यांवर आपटायला लागलं. मी तिच्या डोक्याखाली दोन्ही हात घातले. मी अण्णाप्पांना हाक मारली की नुसताच ओरडलो, आठवत नाही. त्यांनी गाडी थांबवली नाही, उलट हॉर्नवर हात दाबून धरला आणि वळणं घेत सुटले. दाबून धरू नका, मॅडमनी सांगितलं होतं. मी आयुष्यात काही दाबून धरलं नाही असं कधी झालं नव्हतं. ते दीड-दोन मिनिटं मी तिला धरलं नाही, आणि तेवढं अवघड काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

मधेच माझ्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. बारा मिनिटं झाली होती. मी ते दातांनी पट्टा ओढून काढलं आणि टेम्पोच्या बाहेर टाकलं.

झटका थांबला. ती घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. मी तिच्या तोंडाला कान लावून बसलो होतो. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल का, एवढंच जग उरलं होतं. देवाला मी फारसं मानत नाही, पण त्या दिवशी जोतिबापासून अंबाबाईपर्यंत सगळ्यांना एकदम वेठीला धरलं.

तिठ्यावर अँब्युलन्स उभी होती. अत्तार मॅडम टेम्पो थांबायच्या आत वर चढल्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हात धरला, सुई लावली. माझ्याकडं पाहिलंही नाही. दाट मिठाचं सलाइन होतं, असं नंतर कळलं. मला त्यांनी एकच काम दिलं, बाटली वर धरायचं. मी धरली. रस्त्याकडेला, दोन्ही हात वर करून, सायकलच्या घट्ट कपड्यांत. अण्णाप्पा शेजारी उभे होते.

तिसरी जोडी केव्हाच पुढं गेली होती. तितक्यात मागच्या डोंगरवाटेवरून चौथ्या जोडीचे दोघे उतरून, रस्ता ओलांडून पलीकडच्या वाटेला लागले. त्यांतल्या बाईनं वेग कमी करून विचारलं, “काय मदत?” मॅडमनी हातानंच जा म्हणून सांगितलं. मी त्यांना जाताना पाहिलं. मला काहीच वाटलं नाही. तिचा अंगठा तेवढ्यात किंचित हलला होता आणि मी तो पुन्हा हलतो का बघत होतो.

कोल्हापूरच्या दवाखान्यात दोन रात्री ती अतिदक्षता विभागात होती. पहिल्या रात्री तिला मी कोण ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ऋतुजाची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला साध्या खोलीत आणलं, उशीला टेकून बसवलं, आणि सिस्टर बाहेर गेल्यावर आम्ही दोघंच उरलो.

मी बोलायचं म्हणून बरंच ठरवून आलो होतो. त्यातलं काहीही आठवेना.

“चुकलं माझं,” एवढंच म्हणालो.

ती खिडकीकडं बघत होती.

“पण तुला नको होतं तर प्यायलीस कशाला?” माझा आवाज चढला, तो मलाच नको होता. “मरता मरता वाचलीस शुभदा. सरळ सांगायचंस, नाही पीत म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“चारदा.” तिचा आवाज अजून बसलेलाच होता. “पहाटे सुटल्यावर एकदा. पहिल्या चेकपोस्टला. ओढ्यावर. आणि बोटं सुजली तेव्हा.”

“मग ठाम सांगायचंस.”

“ठाम सांगितलं की तुम्ही गप्प बसता. मग तुमचा चेहरा तसा होतो.” ती थोडं थांबली, श्वास घ्यायला. “मला वाटलं, अजून पन्नास किलोमीटर तो चेहरा घेऊन जायचंय. त्यापेक्षा पाणी पिणं सोपं आहे.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसतं सांगत होती, जसं पोस्टात सांगतात की हा फॉर्म नाही, तो भरा.

मी विचारलं, “फक्त पाण्याचंच असं केलंस, का आणखी पण?”

तिनं टेबलावरची फणी मागितली. मी दिली. तिला हात वर नेता येईना, पण मी विंचरू का असं विचारल्यावर तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि हळूहळू, थांबत थांबत स्वतःच विंचरत राहिली.

“पुढच्या सीझनला मी उतरणार आहे,” ती म्हणाली.

“डॉक्टर काय म्हणतात ते—”

“अत्तार मॅडमना विचारलंय काल. सहा महिन्यांनी चालेल म्हणाल्या. एकटी उतरणार आहे. बायकांच्या गटात.”

“आणि मी?”

तिनं फणी खाली ठेवली आणि खरोखर विचार केला. “तुम्ही तुमचं बघा की,” ती म्हणाली.

मी उठून व्हरांड्यात गेलो. तिथं एक लोखंडी बाक होता, त्यावर बसलो. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. तिला गडहिंग्लजला सबपोस्टमास्तर म्हणून बढती आली होती तेव्हा ‘आपण’ नको म्हटलं होतं. ऋतुजाच्या वेळी माहेरी जायचं ‘आपण’ रद्द केलं होतं. शुभदाला गायनाचा क्लास लावायचा होता, तो सायकलच्या सरावात बसत नव्हता. प्रत्येक वेळी मी समजावलं होतं आणि ती हो म्हणाली होती. मला वाटायचं, आमचं किती पटतं. चारचौघांत तसं सांगायचोही. संध्याकाळी डबा घेऊन आई आली तरी मी तिथंच बसलेलो होतो आणि यादी संपली नव्हती.

ती सात दिवसांची शर्यत शुभदानं तीन वर्षांनी पुरी केली. एकटीनं, शेवटून चौथी. माझं तुमच्याशी काय खोटं बोलायचं, पहिल्या काही सीझनना मी घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. आता ती एकोणपन्नासची आहे, आणि या डिसेंबरला पुन्हा उतरतेय. माझी सायकल मी पूर्वीच कुणाला तरी देऊन टाकली. गुडघ्याचं निमित्त सांगतो.

परवा ती फॉर्म भरत बसली होती. मी चहाचा कप तिच्यापाशी ठेवला आणि भीत भीत विचारलं, “या वेळी मी येऊ का? नुसता शेवटाला उभा राहीन.”

तिनं वर बघितलं. मी माझा चेहरा जमेल तेवढा साधा ठेवला.

“नको,” ती म्हणाली, आणि पुढचा रकाना भरायला लागली.

मला इतकं बरं वाटलं, की मी आत जाऊन स्वतःसाठीही अर्धा कप चहा ओतून घेतला.